बेगमी कुणी करायची?

तूर वर्षातून एकदाच येते. डिसेंबर-जानेवारीत काढणी होते आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत लातूर, अकोल्याच्या बाजारातली तिची मुख्य आवक उरकते. गहू मार्च-एप्रिलचा, भात दिवाळीच्या मागचापुढचा, मिरची फेब्रुवारीपासूनची, रब्बीचा कांदा मार्च ते मेचा. खाणारं तोंड मात्र बारा महिने रोज उघडतं. शेताचं आणि पोटाचं वेळापत्रक असं कधीच जुळत नाही, त्यामुळे मधल्या काळात धान्याला कुणाच्या तरी छपराखाली थांबावंच लागतं. शेतकऱ्याच्या घरी, व्यापाऱ्याच्या गोदामात, सरकारी वखारीत किंवा खाणाऱ्याच्या स्वयंपाकघरात. पाचवी जागा नाही. भाव वाढणार म्हटलं की ‘भरून ठेवावं का?’ असा प्रश्न घराघरांत निघतो, तेव्हा ही गोष्ट ध्यानात नसते. आपण भरलं नाही तरी धान्य भरलेलंच असतं, फक्त दुसऱ्याकडे. मला मांडायचं आहे ते एवढंच की या चारांपैकी घरानं सुगीच्या दिवसांत केलेली साठवण सर्वांत निरुपद्रवी आणि बऱ्याचदा उपकारक असते, आणि त्याच घरानं दरवाढीची बातमी ऐकून केलेली साठवण बहुधा स्वतःच्याही कामाची नसते. दोन्हीकडे डबा तोच, धान्य तेच, कित्येकदा किलोही तेवढेच. फरक महिन्याचा आहे.

जुनी बेगमी भावाकडे बघून होत नसे. भाव तिच्या पोटात आपोआप येत असे, कारण माल सर्वांत जास्त असतो तेव्हाच तो स्वस्त असतो. कोकणात पावसाळ्याआधीची ही लगबग म्हणजे आगोट. गोव्यात तिला पुरुमेंत म्हणतात आणि मे महिन्यात मडगावला तिच्या नावानं फेस्तच भरतं. सुके बोंबील, सोडे, जवळा, आमसुलं, मीठ, मिरच्या, कांद्याच्या माळा असं सगळं पावसाची पहिली सर यायच्या आत घरात पडलेलं असायचं, कारण त्यानंतर होड्या नांगरून पडायच्या आणि वाटाही बंद व्हायच्या. देशावर कारण वेगळं होतं, रीत तीच. नवा गहू आला की ऊन दाखवून, चाळून कोठीत जाई, त्यात बिब्बे पडत. तूरडाळीला एरंडेलाचा हात लागे, कडधान्यं राखेत राहत, तांदळाला बोरिक पावडर चोळली जाई, चिंचेचे मीठ लावून गोळे होत. मिरचीचे देठ खुडून ती डंकावर जाई आणि वर्षाचा मसाला बरणीत बसे, वर हिंगाचे खडे. तांदळाची तर गंमतच. तो मुद्दाम एक वर्ष थांबवत, कारण नव्या तांदळाचा भात गिचका होतो. म्हणजे या वर्षी विकत घेतलेला तांदूळ पुढच्या वर्षी खायचा. यात भावाचा जुगार कुठे आहे? या सगळ्यामागचं ज्ञान अर्थशास्त्राचं नव्हतं, पीककॅलेंडरचं आणि किडीचं होतं. कोणत्या धान्याला सोंडे लागतात, कशाला जाळी धरते, कशाला ओल चालत नाही, हे ठाऊक असणाऱ्या बाईला तुरीचा दिवाळीतला भाव काय होईल याचा अंदाज बांधायची गरजच पडत नसे. तिनं तो प्रश्न जानेवारी-फेब्रुवारीतच निकालात काढलेला असे.

ही साठवण घरातून गेली, ती कुणी हिसकावून नेली नाही. चारशे चौरस फुटांच्या घरात कणगी मावत नाही. इमारतीच्या आराखड्यात गाडी उभी करायला जागा सोडावी लागते, धान्य ठेवायला सोडावी लागत नाही. दोघंही नोकरी करणाऱ्या घरात एप्रिलच्या उन्हात गच्चीवर गहू वाळवायला कुणी बसणार नाही, आणि बसावं असा आग्रह धरण्यात अर्थही नाही; ते कष्ट बायकांच्या माथी होते आणि त्यांचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. महिन्याचा किराणा आला, मग आठवड्याचा, आता दहा मिनिटांत घरपोच अर्धा किलो. पण माल दहा मिनिटांत दारात येतो याचाच अर्थ तो शेजारच्या गल्लीतल्या एखाद्या बंद गाळ्यात आधीपासून रचून ठेवलेला असतो. त्या गाळ्याचं भाडं, तिथल्या मालात अडकलेल्या पैशाचं व्याज, नासधूस, हे सारं अर्ध्या किलोच्या पुडीत मोजून घातलेलं असतं. कोठी गेली नाही, तिची किल्ली तेवढी दुसऱ्याच्या कमरेला गेली. शिवाय घराच्या आणि धान्याच्या मधला सुगीचा धागा तुटला. डिसेंबरात तूर येते हे ज्याला माहीत नाही त्याला तूर ‘महागली’ एवढंच कळतं, आणि तेही टीव्हीवरून.

टीव्हीवरून कळलेल्या महागाईचं काय होतं, याचे तीन दाखले फार जुने नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि सूर्यफूल तेलाची वाट अडली. एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात थांबवली. आपण खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज बाहेरून भागवतो, तेव्हा घबराट समजण्यासारखी होती आणि अनेक घरांत त्या दिवसांत एकाऐवजी दोन-तीन डबे आले. इंडोनेशियानं मे महिन्यातच बंदी उठवली, जून-जुलैत जगभर पामतेल कोसळलं आणि आपल्याकडच्या कंपन्यांनीही छापील किमती उतरवल्या. शिखरावर घेतलेलं तेल मग महिनोन्‌महिने महागातच तळलं गेलं. दुसरा दाखला जुलै २०२३ चा. केंद्र सरकारनं २० तारखेला बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत दुसऱ्याच दिवशी रांगा लागल्या. सोना मसुरीची पोती गाड्यांच्या डिकीत भरभरून गेली. काही दुकानदारांना एका गिऱ्हाइकाला एकच पोतं अशी पाटी लावावी लागली. त्या रांगांत आपले मराठी लोकही होते. तिथल्या गोदामांत तांदूळ होता, समुद्रातल्या जहाजांवरही होता. शेल्फ रिकामं झालं ते बंदीनं नव्हे, बंदीच्या बातमीनं. तिसरा दाखला तर शुद्ध अफवेचा. नोटाबंदीनंतर चारच दिवसांत, नोव्हेंबर २०१६ मध्ये, मीठ संपत आल्याची आवई दिल्ली-उत्तर प्रदेशात उठली आणि लोकांनी किलोला शेकडो रुपये मोजले. ज्या देशाला तीन बाजूंनी समुद्र आहे, जिथे एकटा गुजरात तीन-चतुर्थांश मीठ पिकवतो, तिथे! हातात चालणाऱ्या नोटा नसतानाही लोक मिठासाठी धावले, यावरून भीतीची ताकद कळते.

या तिन्ही वेळी नुकसान बहुतांशी पैशात मोजण्याइतकंच झालं. जिथे खायचीच मारामार असते तिथे ते जिवावर जातं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं की त्या वर्षी बंगालमध्ये उपलब्ध असलेलं धान्य आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा पाचेक टक्क्यांनीच कमी होतं, आणि १९४१ पेक्षा तर जास्त होतं. १९४१ मध्ये दुष्काळ पडला नव्हता. युद्धाच्या पैशानं भाव फुगले, ज्यांना शक्य होतं त्यांनी धान्य धरून ठेवलं, आणि ज्यांची मजुरी भावाबरोबर वाढली नाही ते शेतमजूर, कोळी, कारागीर बाजारातून बाहेर फेकले गेले. १९७४ च्या बांगलादेशातल्या दुष्काळाचा मार्टिन रॅव्हॅलियन यांनी केलेला अभ्यास याहून जास्त बोलका आहे. पूर आला, पीक बुडणार अशी भाकितं आली, आणि भाव त्या भाकितावर चढले. प्रत्यक्षात आलेलं पीक भाकिताइतकं वाईट नव्हतं. ते हाती आल्यावर भाव उतरलेही, पण तोवर माणसं गेली होती. त्या माणसांना मारणारी टंचाई पुढच्या महिन्यांची होती आणि ती पुढच्या महिन्यांत आलीच नाही. भविष्यातल्या भावाच्या भीतीनं आजचं धान्य बाजारातून उठतं तेव्हा कसं होतं, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

यावर व्यापाऱ्याची बाजू घेणारा म्हणेल की भविष्याचा अंदाज घेऊन माल धरून ठेवणं हा गुन्हा नाही, ती समाजाची गरज आहे. ॲडम स्मिथनं १७७६ मध्ये हे मांडलं होतं आणि ते अजून कुणाला नीट खोडता आलेलं नाही. टंचाई येणार हे ओळखून व्यापारी आधीच भाव चढवतो, लोक हात आखडतात, आणि त्यामुळे थोडं धान्य वर्षभर पुरतं. सुगीत सगळं स्वस्तात खाऊन टाकलं तर पुढचे महिने उपाशी जातील. मला हे मान्य आहे. सुगीत माल उचलून नंतर विकणारा व्यापारी शेताचं आणि पोटाचं वेळापत्रक जुळवतो. पण तो मधेच काय करतो यावर सगळं अवलंबून असतं, आणि तिथे त्याचा आणि खाणाऱ्याचा स्वार्थ वेगळा होतो. त्याला माल आणखी एक महिना दाबून ठेवण्यात फायदा दिसू शकतो. घरातल्या कोठीला तसा मोहच होत नाही. ती रोज थोडी रिकामी होत जाते, कारण तिचा मालकच तिचं गिऱ्हाईक असतो. साठेबाजी आणि बेगमी यांतला भेद १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा टनांत करतो. जून २०२३ मध्ये गव्हावर मर्यादा आली तेव्हा घाऊक व्यापाऱ्याला ३,००० टन आणि किरकोळ दुकानाला १० टन अशी ती होती. कायद्याला मोजता येईल असंच काही धरावं लागतं, हे खरं. पण लोकांना हा भेद टनांवाचूनही कळत आलेला आहे. १९७२ च्या दुष्काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरलेल्या बायका साठेबाजांच्या नावानं बोटं मोडत होत्या. त्यांतल्या कितीतरी जणी दर उन्हाळ्यात ऐपतीप्रमाणे घरात धान्य भरणाऱ्या असणार. आपण करतो ते आणि तो करतो ते एकच, असं त्यांना मुळीच वाटलं नसेल.

मग सरकारनंच सगळ्यांची कोठी सांभाळावी, असं दुसऱ्या टोकानं म्हणता येतं. ही कल्पना फार जुनी. कौटिल्य सांगतो की कोठारातलं अर्धं धान्य प्रजेवरच्या आपत्तीसाठी राखावं, अर्धंच वापरावं, आणि जुनं काढून नवं भरत जावं. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्रानं इतकी शतकं जपली ती, सरकारी कोठार भुकेल्यांना खुलं केलं म्हणूनच. आजही केंद्राच्या साठ्याचे निकष तिमाहीगणिक ठरलेले आहेत. १ जानेवारीला गहू-तांदूळ मिळून सुमारे २१४ लाख टन आणि १ जुलैला सुमारे ४११ लाख टन असावा लागतो. म्हणजे दिल्लीचीही बेगमी पावसाळ्याच्या तोंडावर भरते. आगोट तिथेही चुकलेली नाही. पण सरकार घरासारखं सुगीत वागेलच याची हमी नसते. २०२२ च्या मार्चमधल्या उष्णतेनं गहू होरपळला, बाहेर भाव चढले होते म्हणून शेतकऱ्यांनी व्यापाऱ्याला माल दिला, आणि आदल्या वर्षी ४३३ लाख टनांवर गेलेली सरकारी खरेदी १८८ लाख टनांवर आली. मग १३ मेला, ऐन हंगामात, निर्यातबंदी झाली. कांद्याचं तर दरवर्षीचंच रडगाणं. एप्रिल-मेचा कांदा चाळीत ठेवून नाशिकचा शेतकरी सप्टेंबरची वाट बघतो. वाट बघताना काही कांदा सडतो, काहीला कोंब येतात, वजन घटतं. हे सोसून भाव येऊ लागला की ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क येतं आणि डिसेंबरात सरळ बंदी. शहरातल्या गिऱ्हाइकाला दिलासा देण्यासाठी साठवणाऱ्या शेतकऱ्याचा भाव पाडला गेला. त्याच गिऱ्हाइकानं मे महिन्यात दहा-वीस किलो कांदा हवेशीर जागी पसरून ठेवला असता, तर त्याच्या ओरड्याला एवढी धार आली नसती असं मला वाटतं. अर्थात कांदा वर्षभर टिकत नाही आणि फ्लॅटमध्ये तर नाहीच. हे दोन-चार महिन्यांचंच काम.

आता हिशेबी माणसाचा आक्षेप. भरून ठेवून वाचतात तरी किती? चौघांच्या घराला महिन्याला २० किलो गहू धरू, वर्षाचा २४० किलो. एप्रिलमध्ये ३२ रुपयांनी घेतला आणि पुढे वर्षभरात सरासरी तीन रुपयांनी चढला असं मानलं, तर वाचले ७२० रुपये. ७,६८० रुपये एकदम गुंतले, ते हळूहळू मोकळे होत गेले, त्यांचं सात टक्क्यांनी व्याज पावणेतीनशेच्या आसपास. पाच किलो किडीला गेला, त्याचे १६०. उरले तीनशेच्या आत, म्हणजे महिन्याला पंचवीस रुपयेही नाहीत. एवढ्यासाठी कोण पत्र्याच्या कोठ्या घेईल? हा हिशेब बरोबर आहे आणि त्यावरूनच बेगमीचा उद्देश पैसे वाचवणं नव्हता हे दिसतं. सर्वसाधारण वर्षी ती तोट्यात न जाता पार पडते, इतकंच. तिची किंमत कळते ती २०१५ सारख्या वर्षी. लागोपाठ दोन पावसाळे तुटीचे गेले, आणि वर्षाच्या सुरुवातीला शंभराच्या आत असलेली तूरडाळ ऑक्टोबरात किलोला २०० पर्यंत पोचली. धाडी पडल्या, डाळ जप्त झाली, परदेशातून आणली गेली. ज्या घरानं फेब्रुवारीत पंचवीस-तीस किलो डाळ भरली होती त्याला त्या दिवाळीत काहीच करायचं नव्हतं. विमा दरवर्षी फायद्याचा नसतो, तसा तो असूही नये. पण विम्याचा हप्ता जर बारा महिने पोटातच जाणार असेल, तर तो फुकट गेला असंही म्हणता येत नाही.

याहून वजनदार आक्षेप निराळाच आहे, आणि तो मला अर्धा कबूल करावा लागतो. घरखर्चात आता धान्याला जागाच किती उरली आहे? २०२३-२४ च्या राष्ट्रीय उपभोग-खर्चाच्या पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातला खाण्यापिण्याचा वाटा ४७ टक्क्यांच्या आसपास आणि शहरी कुटुंबाचा ४० टक्क्यांच्या जवळ निघाला. पण त्यात नुसत्या तृणधान्यांचा वाटा गावात सुमारे ५ आणि शहरात ४ टक्क्यांच्या आत आहे. उरलेलं दूध, भाजी, फळं, अंडी-मासे, तयार पदार्थ यांवर जातं, आणि यातलं बहुतेक कोठीत ठेवता येत नाही. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरीच्या पुढे गेला, त्यावर कुठलीही आगोट चालली नसती. खरं आहे. बेगमी हा महागाईवरचा उतारा नाही; डाळ, कडधान्य, मिरची-मसाला, चिंच, तांदूळ-गहू एवढाच तिचा प्रांत. मात्र त्या प्रांतात डाळ आहे, हे विसरून चालणार नाही. भाजी महागली तर माणूस आमटीवर भागवतो. डाळच महागली की भागवायला खाली फारसं काही उरत नाही.

आणि डाळीच्या बाबतीत घराच्या खरेदीचा महिना शेतकऱ्यालाही जाणवण्याइतका मोठा ठरू शकतो. २०१५ च्या भावानं हुरूप येऊन शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये तूर पेरली, पाऊस चांगला झाला, आणि २०१७ च्या सुरुवातीला राज्यातल्या खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये होता, बाजारात त्याहून कितीतरी खाली विकावं लागत होतं. केंद्रावर बारदाना संपला म्हणून माप थांबत होतं. दीड वर्षापूर्वी ज्या डाळीसाठी शहर ओरडत होतं तिला आता कुणी वाली नव्हता. अशा वेळी घरांनी काय फरक पडला असता? महाराष्ट्रात अडीच कोटींच्या आसपास कुटुंबं आहेत. त्यांतल्या एक कोटी कुटुंबांनी जानेवारी ते मार्च या काळात प्रत्येकी फक्त वीस किलो डाळ घेतली तर दोन लाख टन डाळ होते, म्हणजे पावणेतीन लाख टनांच्या आसपास तूर. राज्यात एरवीच्या वर्षी दहा लाख टनांच्या मागेपुढे तूर पिकते, त्यातला चौथा हिस्सा. ही मागणी नवी नाही, माणसं तेवढीच डाळ खाणार आहेत. ती नुसती अलीकडे सरकते, जेव्हा शेतकऱ्याला तिची सर्वांत जास्त गरज असते. आणि ऑक्टोबरातून तेवढीच कमी होते, जेव्हा ती नसण्यानं बाकीच्यांना थोडा श्वास मिळतो. बातमी ऐकून धावणारा याच्या नेमकं उलट करतो. तो सुगीत गैरहजर असतो आणि टंचाईत दुप्पट हजर.

हे सगळं हातात पैसे असणाऱ्यांचं झालं, असं कुणी म्हणेल, आणि म्हणायलाच हवं. रोजंदारीवरच्या बाईला फेब्रुवारीत वर्षाची डाळ घे असं सांगणं हा निर्लज्जपणा आहे. पूर्वी गावात सालगड्याला, बलुतेदाराला मोबदला धान्यात मिळे आणि तो खळ्यावर, म्हणजे ऐन सुगीत मिळे. त्या व्यवस्थेत जातीचा जाच होता, मापात फसवणूक होती, तिच्यासाठी हळहळण्याचं कारण नाही. पण मजुरी रोख झाली तेव्हा गरिबाच्या झोपडीतली ती लहानशी कणगीही गेली, आणि त्याचं सुगीशी असलेलं नातं सर्वांत आधी तुटलं. तिची जागा रेशननं घेतली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्याचा हक्क दिला. गहू-तांदळापुरती सरकारची कोठी हीच त्यांची कोठी. डाळ आणि तेल मात्र त्या हक्कात नाही, आणि भावाचा झटका तिथेच बसतो. पाव-पाव किलोनं घेणारा तोच वर्षभर सर्वांत महाग डाळ खातो.

त्याच्यासाठी सुगीत डाळ भरून ठेवण्याचं काम बचत गटाला जमण्यासारखं आहे. वीस घरांची, महिन्याला दोन किलोप्रमाणे वर्षाची डाळ ४८० किलो होते. खोलीच्या एका कोपऱ्यात दहा पोत्यांत मावते. किलोला १०० रुपये धरले तर फेब्रुवारीत ४८,००० रुपये एकदम लागतील, घरटी २,४००. बारा टक्के व्याज धरूनही महिन्याचा हप्ता सव्वादोनशेच्या आत बसतो, आणि दुकानात दोन किलो डाळीला तेवढे जातातच. अडतं ते कर्जाच्या अर्जावर. शिवणयंत्र, शेळ्या, पापड लाटून विकणं, यासाठी गटाला सहज कर्ज मिळतं, कारण त्यातून उत्पन्न दिसतं. खाण्यासाठी घेतलेलं कर्ज अनुत्पादक मानायची रीत आहे. शेतकऱ्यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे, सुगीत भाव पडलेला असताना माल विकावा लागू नये म्हणून. आणि त्याच फेब्रुवारीत, त्याच तुरीच्या पोत्यांवर, गोदामाची पावती पुढे करून व्यापाऱ्यालाही बँकेकडून पैसे उचलता येतात.